जवसातली अंबाडी

निघण्याआधी

माझा नवरा म्हणतो, ही बाई देवळातलं तीर्थसुद्धा आधी हुंगते आणि मग पिते. त्यात खोटं काही नाही. साताऱ्यात माझी लहानशी बेकरी आहे, बहुधान्य पावाची, आणि या धंद्यात नाक तिखट नसेल तर माणूस बुडालाच म्हणून समजा. गहू, ज्वारी, नाचणी, तीळ, सूर्यफुलाचं बी, जवस, जे पोतं दारात येईल त्यात मी आधी कोपरापर्यंत हात घालते. वरचा माल सगळेच चांगला देतात. पोत्याचा खरा स्वभाव तळाशी कळतो.

तरीही यंदा फसले. जवस अख्खं असतं तोवर नुसतं चकाकत असतं, वयाचा पत्ता लागू देत नाही. रात्री भिजत घाला, सकाळी तो बुळबुळीत लगदा पिठात मळा, पाव भाजून काढा, की मग त्याचं वय बाहेर येतं. आमच्या एका जुन्या गिऱ्हाईक मास्तरीणबाईंनी पाव नॅपकिनात गुंडाळून परत आणला आणि हळू आवाजात म्हणाल्या, याला विझलेल्या पणतीचा वास येतोय. मी चावून पाहिला. खवट. यंदाची दोन्ही पोती तशीच निघाली.

हे जवस येतं पांढरकवड्याजवळच्या एका तांड्यावरून, कविता नावाच्या बाईच्या घरून. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, ओळख सगळी फोनवरची. पण माझ्या पावाच्या पाकिटावर 'जवस एकाच घरच्या शेतातलं' असं मी छापते, आणि ते घर म्हणजे कविताचं घर. तिच्यावर माझा संशय जुना होता. गेल्या साली तिच्या प्रत्येक पोत्याच्या पोटात मूठभर अंबाडीचं बी निघायचं, करड्या रंगाचं, जवसाहून जाडं. मी फोन करून तिला चांगलंच सुनावलं होतं. त्यावर ती एवढंच म्हणाली, "हो ताई, चुकलं." मला तेच खटकलं. खरा माणूस आधी भांडतो, मग कबूल करतो. यंदा पोती स्वच्छ आली, अंबाडीचा एक दाणा नाही, तेव्हा मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, बघा, बोलल्याशिवाय माणूस सुधारत नाही. आता वाटलं, बाईनं राग धरला आणि स्वच्छ पण जुना माल माझ्या गळ्यात मारला.

ठरवलं, न कळवता जायचं. गेल्या सालच्या आणि यंदाच्या जवसाचे दोन डबे घेतले आणि चाळून ठेवलेल्या अंबाडीची पुडी घेतली. दिलीपनं त्याच्या टेम्पोतून स्टँडवर सोडलं. हा दिलीप बेकरी सुरू झाल्यापासून माझा माल वाहतो, ट्रान्सपोर्टच्या गोदामातून पोती आणतो. गाळ्याची एक किल्लीही त्याच्याकडेच असते आणि भाऊबीजेला मी त्याला ओवाळते. तो म्हणाला, "एवढ्या उन्हात कशाला जाताय ताई? फोनवर झापा की." मी म्हटलं, फोनवर वास येत नाही.

यवतमाळ

मे संपत आलेला. यवतमाळला सकाळी उतरले तर ऊन आधीच कामाला लागलेलं होतं. स्टँडबाहेर पोहे मागितले, त्यावर गाडीवाल्यानं न विचारता हरभऱ्याची लाल तर्री ओतली. आमच्याकडे पोह्यावर खोबरं-कोथिंबीर पडते आणि पोहे मुकाट्यानं खाल्ले जातात. इथे पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. गाडीवाला म्हणाला, "पहिल्या खेपेले होते असं." चव फार चांगली होती. मी दुसरी प्लेट घेतली, तीही तर्रीची.

तांड्यावर जाण्याआधी बाजारात चौकशी करावी, इकडे जुनं जवस कुठं मिळतं ते पाहावं, असा माझा बेत. एका कृषी केंद्रात शिरले, डबा उघडून काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "हे बी कुठलं असेल, सांगता येईल का?" दुकानदारानं डब्याकडे पाहिलंच नाही. माझ्या पर्सकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं, बाहेर कुठली गाडी उभी आहे का तेही पाहिलं. "आमी पावतीबिगर काहीच इकत नाई मॅडम," असं म्हणून त्यानं पोराला हाक मारण्याच्या निमित्तानं मागची खोली गाठली, तो परत आलाच नाही. शेजारच्या दुकानात जाऊ लागले तर तिथलं शटर माझ्या डोळ्यांदेखत अर्धं खाली आलं.

चहावाल्यानं उलगडा केला. पेरणीच्या तोंडावर परवान्याबाहेरचं कपाशीचं बियाणं शोधत पथकं फिरतात. परगावची बाई, डब्यात बी, वर तोंडानं चौकशा. म्हणजे एक तर मी पथकातली, नाही तर असलं बियाणं विकणाऱ्या टोळीतली. "त्यातल्या कोन्त्या हाये तुमी?" असं त्यानं चहा गाळता गाळता सहज विचारलं. मी बेकरीवाली आहे म्हटल्यावर तो हसला, पण त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही. जन्मभर मी लोकांवर संशय घेत आले, आणि इथे अख्खं गाव माझ्यावर घेत होतं. अनुभव अजिबात सुखाचा नव्हता.

पांढरकवड्याच्या पुढे

पांढरकवड्याला हायवेवर ट्रकांची रांग, ढाब्यांवर बाजा टाकून झोपलेले ड्रायव्हर, आणि झळा अशा की डांबर पातळ झालेलं. एसटीतून उतरून ऑटो केला. ऑटोवाला चाळिशीचा, डोक्याला पांढरा दुपट्टा बांधलेला, बोलका. कोणाकडे जायचं, हे त्यानं तीनदा विचारलं. मी सांगितलं नाही. म्हटलं, फिरायला आले आहे. मे महिन्याच्या दुपारी तांड्यावर फिरायला! स्वतःच्या कानांनाही ते पटलं नाही.

रस्ता सागवानातून जातो. उन्हाळ्यात सागाला पान नसतं, त्यामुळे जंगल आरपार दिसतं, आणि आरपार दिसूनही काही दिसत नाही. अशा ठिकाणी चाक बसलं. मी पाय मोकळे करायला निघाले तर ऑटोवाल्यानं अडवलं, इकडे वाघ आहे म्हणाला. मी विचारलं, माणसाला काही करतो का? तर म्हणे, "वाघ काही करत नाई जी. मानसाचा भरोसा नाई." आणि माझ्याकडे असं पाहिलं की तो माणूस मीच. मग चाक बदलता बदलता त्यानं कुणाला तरी फोन लावला आणि मला कळू नये अशा बेतानं गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, बोलला. मधून मधून 'मॅडम' आणि 'डबा' एवढं ऐकू येत होतं. हा पुढे वर्दी देतोय, हे मी ओळखलं. तो तेच करत होता.

तांड्यावर

तांडा टुमदार. सिमेंटची घरं एका ओळीत, मधोमध कडुनिंब, टोकाला लहान देऊळ आणि त्यावर पांढरा झेंडा. सगळ्या दारांत माणसं होती, सगळी माझीच वाट पाहत असावीत अशी, पण राम राम कुणी घातला नाही. कविताचं घर विचारलं. एक जण म्हणाला, ती माहेरी गेली. दुसरा म्हणाला, या तांड्यावर कविता नावाची कोणी नाहीच. तिसऱ्या बाईनं उलट्या दिशेला हात दाखवला. आमच्याकडे पत्ता विचारला तर लोक घरापर्यंत पोचवून चहाही पिऊन जातात.

तेवढ्यात एका भिंतीमागून आवाज आला. कुणीतरी बकरीला रागावत होतं. तो आवाज मी दोन वर्षं फोनवर ऐकत आले होते. मी भिंतीशी जाऊन म्हटलं, "कविता, मी साताऱ्याची बेकरीवाली."

आवाज बंद झाला. मग पिठाच्या हातांनी एक तिशीची, तरतरीत बाई बाहेर आली आणि मला वरपासून खालपर्यंत पाहत म्हणाली, "तुमी तर आवाजाच्या निम्म्याच निघाल्या, ताई."

तांड्यावरचा ताण तिथेच सैल झाला. पाणी आलं, चहा आला, बसायला बाज आली. ऑटोवालाही सावलीत टेकला. कविताची सासू आधीपासूनच दुसऱ्या बाजेवर बसलेली होती. गोरबोलीत आईला याडी म्हणतात, आणि या बाईला सगळा तांडाच याडी म्हणत होता. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, कपाळाला गोंदण, आणि नजर माझ्या तोंडावर नाही, पिशवीवर. मी भेट म्हणून आणलेला पाव तिच्या हातात दिला. तिनं तो हुंगला, दाबला, मोडला, आतले तीळ आणि सूर्यफुलाचं बी नखानं उकरून पाहिलं. मग एक तुकडा बकरीला घातला. बकरीनं खाल्ला. याडी थोडा वेळ बकरीकडे पाहत राहिली आणि मगच तिनं स्वतः एक घास घेतला. मला ती बाई त्याच घटकेला आवडली, आणि तिची धास्तीही वाटली.

जेवायला ज्वारीची भाकर, तिला याडी 'बाटी' म्हणत होती, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी, वर कच्चं तेल. चटणी तोंडात टाकली आणि माझा घास थांबला. इतकं ताजं, गोडसर जवस मी यंदा चाखलंच नव्हतं. म्हणजे चांगलं घरात ठेवलं आणि खवट माझ्याकडे पाठवलं. मी भाकर संपवली, हात धुतले आणि दोन्ही डबे बाजेवर मांडले.

"हे गेल्या सालचं, हे यंदाचं," मी म्हटलं. कवितानं यंदाचं चिमूटभर चावलं आणि लगेच थुंकलं. हे आमचं नाही, म्हणाली. पोतं तुमचं, त्यावर नाव तुमचं, मग आतला माल कुणाचा, असं मी विचारलं.  मी पुडी सोडून अंबाडी समोर ठेवली आणि म्हटलं, "गेल्या साली हा कचरा निघाला तेव्हा 'चुकलं' म्हणालीस. आज काय म्हणणार आहेस?"

तिचे डोळे भरून आले. बोलली ती जवसाबद्दल नाही, घराबद्दल. हिवाळ्यात नवरा आणि दीर दोघेही हरभरा पेरा म्हणत होते, ती एकटी जवसावर अडून बसली होती. साताऱ्याच्या ताई घेतात, शब्दाच्या पक्क्या आहेत, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. "तुमी सोडलं त पुढच्या पेरनीले मले या घरात कोनी इचारनार नाई," ती म्हणाली. या घरातली सून पहिल्यांदाच पेरणीचं बोलली होती, आणि तिचा तो शब्द आता माझ्या दोन डब्यांवर टांगलेला होता. मला वाईट वाटलं, पण वाईट वाटलं म्हणून खवट जवस गोड होत नाही.

मग याडीनं सूप मागवलं. यंदाचं जवस त्यात पसरलं आणि तळहात फिरवत राहिली. ती दाण्याचा दर्जा पाहत नव्हती, काहीतरी शोधत होती. सापडलं नाही. मग तिनं माझी अंबाडीची पुडी उचलली, मुठीत घट्ट धरली आणि कविताकडे वळून गोरबोलीत काही म्हणाली. कविता नको म्हणत होती, एवढं हातवाऱ्यांवरून कळत होतं. दोघींचं बरंच चाललं. मी मनात म्हटलं, आता या मिळून काहीतरी रचतायत. शेवटी याडीनं ऑटोवाल्याला सावलीतून उठवून बाहेर काढलं, बकरीलाही काढलं आणि दार लावून घेतलं.

मग तिनं जे सांगितलं ते असं. तिच्या सासऱ्याचे पूर्वज बैलांवर गोण्या लादून मीठ-धान्य वाहायचे, मुलुखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मुक्कामाला पाण्याच्या काठी दहा जणांचे माल एकत्र पडायचे आणि उजाडेपर्यंत कुणाची तरी चांगली गोणी जाऊन तिथे हलकी गोणी आलेली असायची. गोणी सगळ्यांची सारखीच, भांडायचं कशाच्या जोरावर? म्हणून या घरानं एक रीत धरली. प्रत्येक गोणीच्या पोटात दुसऱ्याच एका धान्याची मूठ घालायची. माल कुठेही, कुणाच्याही हाती दिसो, हात घालून आपला ओळखायचा. बैल गेले, तांड्याला शेती आली, पण घराबाहेर जाणारं पोतं अजूनही या मुठीशिवाय शिवलं जात नाही. गेल्या सालची मूठ अंबाडीची होती. यंदाही अंबाडीचीच घातली होती, माझं बोलणं खाऊनसुद्धा. आणि यंदाच्या पोत्यांत ती नव्हती.

म्हणजे मी ज्याला भेसळ म्हणत होते ती सही होती, आणि स्वच्छ म्हणून ज्यांचं कौतुक केलं ती पोती या घरची नव्हतीच.  मग मी कविताला विचारलं, हे तेव्हाच का नाही सांगितलंस? चूक नसताना 'चुकलं' का म्हणालीस?

"काय म्हनू मंग?" ती म्हणाली. "फोनवर निशानी सांगू? लोक चोर म्हनतीन त म्हनू दे, पन निशानी सांगाची नाई. घरात आलो तवाच याडीनं हे शिकवलं मले." इकडच्या बायका स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलतात. एरवी मी त्यावर हसले असते. पण ही बाई वर्षभर माझ्या लेखी चोर राहिली होती आणि तिला ते ठाऊक होतं.

तरी स्वभाव कुठं जातो? मी म्हटलं, गोष्ट चांगली आहे, पण ती तुम्ही आत्ता माझ्यासमोर बसून रचलेली नाही हे मला कसं कळावं? गोरबोली तर मला येत नाही.

कविताचा चेहरा उतरला. याडी मात्र पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. "बराबर हाये," ती म्हणाली. "माह्या सांगन्यावर तू कायले भरोसा ठेवतं? मी बी तुह्यावर ठेवत नाई."

आणि तिनं तोड काढली. माझ्यासाठी एक नवं पोतं भरायचं. जवस माझ्यासमोर ओतलं, मी ते चाखलं, हुंगलं, मग पोतं घेऊन ती एकटीच आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. अंबाडी आता बाद, कारण मी ती पाहिली होती. नवी मूठ कशाची, हे ना मला सांगितलं ना कविताला. बाहेर आल्यावर तोंड माझ्यासमोर शिवलं. साताऱ्याला पोचलं की खाली करायचं, आणि जवसाखेरीज जे भेटेल ते मी फोनवर तिला सांगायचं. आधी मी, मग ती. माझं खरं ठरलं तर पोतं तिचं. मला खोटं बोलायला जागा नाही आणि तिलाही नाही. दोन संशयी बायकांना याहून चांगला करार सुचला नसता.

त्या पोत्यासोबत मी स्वतः पांढरकवड्याच्या ट्रान्सपोर्टपर्यंत गेले. गाडीवर चढेपर्यंत उभी राहिले. कविता सोडायला आली होती. पुन्हा या वगैरे काही म्हणाली नाही. "पोतं आलं का फोन करजा ताई," एवढंच म्हणाली. "कायबी भेटो, करजा."

परत साताऱ्याला

मी आले आणि काही दिवसांनी पोतंही आलं. दिलीपनं नेहमीप्रमाणे गोदामातून आणून गाळ्यात उतरवलं. मी त्याला चहा दिला आणि तो पितोय तोवर पोतं चादरीवर ओतलं. बोटांनी पाहिलं, सुपात घेऊन पाहिलं, चाळून पाहिलं. नुसतं जवस. दुसरा एक दाणा नाही. खरं सांगायचं तर माझा पहिला संशय याडीवरच गेला, की तिनं मूठ घातलीच नाही आणि मी काही खोटंच सांगते का हे बघतेय. मग मी चिमूटभर चावलं. विझलेली पणती. तांड्यावर माझ्यासमोर ओतलेलं जवस हे नव्हतं, याला मी स्वतःच साक्षीदार होते.

"काही हरवलं का, ताई?" दिलीपनं विचारलं.

हात जवसानं माखलेले, म्हणून मी फोन स्पीकरवर लावला. याडीनं दुसरं काही न बोलता विचारलं, काय भेटलं? मी म्हटलं, काहीच नाही, आणि जवसही खवट आहे.  मग ती म्हणाली, "आमच्या घरून निघालं ते तुह्या घरी आलंच नाई, बाई. मंधात कोन हाये?"

मागे ग्लास ठेवल्याचा आवाज झाला. मी वळून पाहीपर्यंत दिलीप टेम्पोत बसला होता. चहा अर्धा तसाच होता. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. गाळ्याची किल्ली त्यानं शेजारच्या शिंप्याकडे ठेवली होती, निरोप काही नव्हता.

तरीही मला खात्री हवी होती. गोदामात, रस्त्यात, कुठेही काही झालं असेल, असं मी स्वतःला समजावत होते. मला ते तसंच हवं होतं. दिलीपच्या मेव्हण्याचं पलीकडच्या पेठेत दुकान आहे. तिथे गेले. फळीवर 'अस्सल विदर्भाचं जवस' अशा पारदर्शक पिशव्या मांडलेल्या. दोन विकत घेतल्या आणि घरी येऊन ताटात ओतल्या. पहिलीत काही नव्हतं. दुसरीत सापडलं. चारपाच दाणे असतील, जवसात अगदी परके. मी चिमूटभर जवस चावलं. ताजं, गोडसर, तांड्यावरच्या चटणीचं. मी फोन लावला आणि त्या बियाचं नाव सांगितलं.

"आपलंच हाये," याडी म्हणाली.

मी ताटासमोर बसून रडले. साता समुद्रापलीकडून आल्यासारखे ते दाणे माझ्या दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात निघाले होते. कवितावर मी वर्षभर संशय घेतला, तिच्या भोळ्या 'चुकलं'वर घेतला, तिच्या चटणीवर घेतला. घरात येणारी प्रत्येक वस्तू मी हुंगते. दिलीपला मात्र कधी हुंगून पाहिलं नव्हतं. यंदाच्या भाऊबीजेला ताट काढलं आणि तसंच फळीवर परत ठेवलं.

दुकानातून त्या पिशव्या आणल्या त्याच संध्याकाळी मी कविताला फोन केला होता. माफी मागितली, आणि घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन ठेवायला लावून म्हटलं की पुढच्या सालचंही सगळं जवस माझं. नंतर कळलं, या हिवाळ्यात हरभऱ्याचं नाव कुणी काढलं नाही. पेरणी कुठल्या वावरात घ्यायची, हेही दिरानं तिलाच विचारलं.

आता वाचकांपैकी कुणी म्हणेल, याडीची रीत या बाईनं जगजाहीर केली. तर अंबाडी मी सांगितली, कारण ती निशाणी संपली आहे. नंतरचं बी कोणतं, ते मी लिहिलेलं नाही आणि विचारलंत तरी सांगणार नाही. वाचणारे सगळे चांगलेच असणार, पण कुणाच्या मेव्हण्याचं दुकान कुठे असतं, काय सांगावं.

पोतं आलं की गोदामातून मी स्वतः आणते, दार लावून एकटीच उघडते आणि कोपरापर्यंत हात घालते. पूर्वी परका दाणा लागला की माझ्या कपाळाला आठी चढायची. आता तो लागेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. मग फोन लावते. याडी दरवेळी आधी तेच विचारते, "मंधात कोन होतं?"

"मीच होते, याडी," मी म्हणते.

"तरी सांग," ती म्हणते. "काय भेटलं?"